कोबा : पायाखालच्या जमिनीची किंमत कशी ठरत गेली?

१/
नवे घर बांधताना फरशीचा रंग निवडण्यात आठवडे जातात. तिच्याखालच्या कोब्याचा दर मात्र कंत्राटदार सांगेल तो मान्य केला जातो. या दुर्लक्षित थराला मोठा इतिहास आहे. घरातल्या जमिनीसाठी आपण नेमके कशाचे पैसे मोजतो, हेही त्या इतिहासातून कळते. आजचा धागा कोब्याविषयी. 🧵

२/
सुरुवात शब्दांपासून करू. ‘फरशी’ हा शब्द अरबी ‘फर्श’वरून आला, फर्श म्हणजे अंथरलेले. पुण्यातल्या फरासखान्याचे नावही याच कुळातले. फारसीत ‘कूबीदन’ म्हणजे कुटणे, ठोकणे. ‘कोबा’ त्या घराण्यातला दिसतो. एक जमीन अंथरलेली, दुसरी कुटलेली. जमिनीची किंमत या कुटण्यातच दडलेली होती.

३/
शतकानुशतके बहुसंख्य घरांतली जमीन मातीचीच होती. दख्खनची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून ती घरात चालत नसे. आधी मुरूम पसरायचा, पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा, मग चिकणमातीचा थर चोपून बसवायचा आणि वरून शेणाने सारवायचे.

४/
या जमिनीला रोख पैसा जवळजवळ लागत नसे, म्हणून ती ‘स्वस्त’ समजली गेली. पण ती दर काही दिवसांनी सारवावी लागे, पावसाळ्यानंतर उकरून पुन्हा चोपावी लागे. हे काम घरातल्या बायकांचे. त्याची नोंद कोणत्याही जमाखर्चात सापडत नाही. खर्च होता, तो पैशात मोजला जात नव्हता, इतकेच.

५/
ज्यांना परवडे ते चुन्याकडे वळत. देशावर चुनखडीचे खडे आणि कोकणात शिंपले भट्टीत भाजून चुना केला जाई. भाजलेली कळी पाण्यात विरवायची, वाळू घालून बैलांच्या घाणीत मळायची. सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळली की चुना ओलाव्यातही घट्ट होतो.

६/
मग कोबा घालण्याचे काम सुरू होई. विटांचे वा दगडाचे तुकडे या चुन्यात कालवून सुमारे ४ इंचांचा थर पसरायचा आणि लाकडी चोपण्यांनी कुटायचा. माणसे रांगेने बसून तालावर कुटत आणि हे काम कित्येक दिवस चाले. मधूनमधून गुळाचे व बेलफळाचे पाणी शिंपडण्याची रीत होती.

७/
एवढे कुटायचे कशासाठी? चुना वाळताना आक्रसतो आणि त्याला भेगा पडतात. सतत कुटल्याने त्या मिटतात, जास्तीचे पाणी वर येते, पोकळ्या भरतात. थर तयार झाल्याची खूणही सोपी होती: मारलेले चोपणे उसळून परत येऊ लागले की कोबा झाला. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू पुन्हा दगड होत जातो.

८/
जगात इतरत्रही हे तंत्र होते. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला रोमन वास्तुविशारद विट्रुवियस आपल्या ग्रंथाच्या ७व्या भागात जमिनीची कृती देतो. तळाशी मुठीएवढे दगड. त्यावर खडी ३ भाग व चुना १ भाग, मजुरांच्या टोळ्यांनी कुटून पाऊण फूट जाड. त्यावर कौलांचा चुरा ३ भाग व चुना १ भाग. मोझॅकची नक्षी त्यानंतर. आपली सुरखी आणि त्याचा कौलांचा चुरा एकच काम करतात.

९/
अर्थात, कोबा घालणे म्हणजे चुना, सरपण, बैल आणि अनेक माणसांची अनेक दिवसांची मजुरी आलीच. पुण्याचा शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला आणि त्याचा खर्च १६,११० रुपये सांगितला जातो. पेशव्यांच्या वास्तूचा आकडा तीन शतके स्मरणात राहिला. सारवलेल्या घराचा आकडा कधी लिहिलाच गेला नाही.

१०/
१९व्या शतकात दोन गोष्टींनी हे गणित बदलले. पहिली रेल्वे. १८७१ साली मुंबई आणि मद्रासकडून आलेले लोहमार्ग रायचूरला जोडले गेले. निजामाच्या राज्यातले शहाबाद याच मार्गावर आहे. तिथला चुनखडक थराथरांत सुटतो, त्यामुळे सपाट फरश्या काढणे सोपे जाते. आपला काळा बेसाल्ट घडवायला महाग. शहाबादी फरशी गाडीत बसून सोलापूर-पुण्याच्या घरांत आली.

११/
दुसरी गोष्ट मोजमाप. १८५४ साली, डलहौसीच्या कारकिर्दीत, सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाले. पुढे सरकारी दरसूचींत जमिनीचे काम दर १०० चौरस फुटांनी मांडले जाऊ लागले. गवंड्याच्या तोंडी आजही असलेला ‘ब्रास’ तोच: क्षेत्रफळात १०० चौरस फूट आणि वाळू-खडीत १०० घनफूट. कुटण्याचे दिवस त्या दरात विरघळले आणि दिसेनासे झाले.

१२/
श्रीमंतांची नजर विलायतेकडे होती. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये इंग्लंडहून आणवलेल्या लाद्या आजही दिसतात. त्याला स्वदेशी उत्तर १९२२ साली मिळाले: फेरोजशा सिधवा यांनी मुंबईत ‘भारत टाइल्स’ सुरू केली आणि सिमेंटच्या नक्षीदार लाद्या इथेच दाबून तयार होऊ लागल्या.

१३/
आता सिमेंटकडे येऊ. १८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ अॅस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. १९१४ पासून पोरबंदरला उत्पादन सुरू झाले आणि १९३६ साली प्रमुख कंपन्या एकत्र येऊन ‘एसीसी’ झाली. सिमेंट काही तासांत आवळते, त्यामुळे दिवसेंदिवस कुटण्याची गरज संपली. काम गेले, शब्द उरला: न कुटलेल्या थरालाही आपण ‘कोबा’च म्हणतो. गच्चीवरचा वीटतुकड्यांचा कोबा तर इंग्रजी निविदांतही याच मराठी नावाने लिहिला जातो.

१४/
आजचा हिशेब पाहू. १०० चौरस फूट, २ इंच जाडी, १:४ मिश्रण: साधारण साडेतीन पोती सिमेंट आणि १७-१८ घनफूट वाळू. स्लॅब उंचसखल असल्याने सरासरी जाडी ३ इंच झाली, तर सव्वापाच पोती. म्हणजे माल थेट दीडपट! दर चौरस फुटाने सांगितला जातो, पण खर्च जाडीने ठरतो. म्हणून सरासरी जाडी, मिश्रणाचे प्रमाण आणि पाणी मारण्याचे दिवस (किमान ७) लेखी ठरवून घ्यावेत.

१५/
जुना वाडा दुरुस्त करणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. चुन्याचा कोबा जमिनीतली ओल सावकाश बाहेर जाऊ देतो. तो उखडून वर सिमेंट ओतले की ओल कोंडते आणि भिंतींत चढते. तिथे ‘स्वस्त आणि झटपट’ पर्यायाची किंमत काही वर्षांनी भिंती चुकवतात. चुना जाणणारा कारागीर शोधायला वेळ लागला तरी शोधावा.

१६/
सारवणाऱ्या हातांचा हिशेब लिहिला गेला नाही, कुटणाऱ्यांचा दरसूचीत हरवला आणि आज पाणी मारणाऱ्याचे दिवस वाचवून कोब्याचा दर पाडला जातो. स्वस्त जमिनीचा खर्च दर वेळी कोणीतरी उचललेलाच असतो. एखाद्या पडक्या वाड्यात गेलात, तर जमिनीची तुटलेली कड वाकून पाहा. विटांचे तुकडे, गुलाबी सुरखी आणि पांढरा चुना तिथे थरांनी दिसेल. तुमच्या गावी अशी जमीन शिल्लक असेल, तर छायाचित्र खाली जरूर टाका. (समाप्त)