कौटुंबिक नोंदी आणि सामान्य पूर्वजांचा इतिहास : महाराष्ट्रातील साधनांचा विचार

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनाची साधने दीर्घकाळ राजघराणी, सरदार व इनामदार यांच्या दप्तरांपुरती मर्यादित राहिली. सामान्य शेतकऱ्याने स्वतःविषयी फारसे लिहून ठेवले नाही. मात्र शासन, शाळा वा तीर्थोपाध्याय यांना त्याच्या नोंदीचे प्रयोजन पडले, तेव्हा त्याचे नाव कागदावर आले.

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे गाव, आडनाव, भाऊ व मुलगे यांची नावे आढळतात. इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी सुरू केलेल्या जमीनमोजणीच्या पद्धतीत सर्व्हे नंबराशी खातेदाराचे नाव जोडले गेले. कोतवाल बुकात पूर्वी जन्म-मृत्यूंची नोंद होत असे, तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रवेशाची नोंद होते. यांतील अनेक जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांची समिती नेमली गेल्यानंतर हे कागद सार्वजनिक चर्चेत आले.

प्रत्येक नोंदीस तिचा स्वतःचा हेतू असतो. शाळेतील ‘१ जून’ ही जन्मतारीख पुष्कळदा प्रवेशाच्या सोयीसाठी लिहिलेली असते. फेरफारातील वारसनोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. एकाच घरातील अनेक मृत्यू १९१८ च्या उत्तरार्धात नोंदलेले आढळल्यास इन्फ्लुएन्झाच्या साथीची शक्यता तपासावी लागते. फेरफारात मात्र त्या आपत्तीची खूण केवळ ‘वारस’ या शब्दापुरती उरते. म्हणून नोंदी परस्परांशी ताडूनच वाचणे आवश्यक ठरते.

या साधनांची सर्वांत मोठी उणीव स्त्रियांविषयी आहे. विवाहानंतर आडनावाबरोबर अनेकदा पाळण्यातले नावही बदलत असल्याने माहेरची लेक व सासरची सून ही एकच व्यक्ती आहे, हे कागदावरून कळत नाही. विवाहित मुलीचे नाव जमिनीच्या दप्तरात येते ते पुष्कळदा हक्कसोडपत्रामुळे. म्हणजे हक्क सोडतानाच तिची नोंद होते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. परंतु त्यापूर्वीच्या कागदांतील मौन त्यामुळे भरून निघत नाही.

तात्पर्य, केवळ दप्तरांवरून रचलेली वंशावळ ही बहुतांशी पुरुषांची वंशावळ ठरते. घरातील वृद्ध स्त्रियांच्या मौखिक आठवणी तिच्या शेजारी ठेवणे ही संशोधनाची गरज आहे. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी मोडीवाचनाबरोबर अशा मुलाखतींनाही प्रकल्पकार्यात स्थान दिल्यास सामान्य कुटुंबांचा इतिहास अधिक पूर्ण होऊ शकेल.