बग्गीच्या सस्पेन्शनची वंशावळ

रिमोटवर धावणाऱ्या जुन्या बग्गीचं पुढचं चाक दोन बोटांत धरून हलवलं की ते बहुधा लडबडतं. या लडबडीचं मूळ शोधत गेलं तर ते जर्मनीत निघतं. दांडा पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करतो अशा टॉर्शन बार सस्पेन्शनचं पेटंट फर्डिनांड पोर्शेंनी 1931 साली घेतलं. पुढे फोक्सवॅगन बीटलच्या नाकाखाली तेच आलं. दोन आडव्या नळ्या, आत पोलादी पट्ट्यांचा जुडगा आणि दोन्ही टोकांना मागे वळलेले दोन-दोन हात. स्वस्त आणि दणकट! कॅलिफोर्नियाच्या वाळूला हेच हवं होतं. तिथे ब्रूस मेयर्सने 1964 मध्ये बीटलच्या सामानावर फायबरग्लासची ‘मेयर्स मँक्स’ उभी केली, आणि 1967 ची पहिली मेक्सिकन 1000 शर्यत मँक्सनेच मारली.

1979 मध्ये जपानच्या शिझुओकातल्या तामियाने ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ आणल्या. आकार एक दशांश, पण पुढच्या हातांची जोडी बीटलचीच, तीही ओतीव धातूची. इतकी हुबेहूब नक्कल करण्याचा हट्ट मला आवडतो. घसारा मात्र नकलेसोबतच आला. बीटलला ग्रीस भरायला निपल होतं. इथे ती सोय नाही, आणि वरून ग्रीस फासलं तर वाळू चिकटून त्याची पॉलिश पेपरसारखी धार होते.

तामियाच्याच 1984 च्या ‘ग्रासहॉपर’ने हे सगळं बाजूला ठेवलं. मागे मोटरसकट गिअरबॉक्सच वरखाली होतो, स्प्रिंगला तेलाचा आवर नाही, त्यामुळे गाडी नावाप्रमाणे उड्या मारते. त्याच वर्षीच्या ‘हॉर्नेट’ला मागे ऑइलचे शॉकॲब्सॉर्बर मिळाले, आणि त्यांच्याबरोबर गळतीही.

गळतीवर उपाय सोपा आहे. कडक झालेली ओ-रिंग बदलायची. पण आधी शॉकॲब्सॉर्बरचा दांडा नखाने चाचपावा. त्यावर खड्डे असतील तर नवी ओ-रिंगही चार दिवसांत फाटते. मग सिलिकॉन ऑइल भरून पिस्टन सावकाश वरखाली करायचा आणि बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत थांबायचं. इथे घाई केली तर हवा आत अडकते आणि शॉकॲब्सॉर्बर पचपचतो. हाताचं भोक लंबगोल झालं असेल तर वॉशर घालून भागत नाही. भोक मोठं पण गोल करून त्यात पितळी नळीचा बुश बसवावा लागतो. नायलॉनचे नवे हात पाण्यात उकळून घेण्याची रीत जुनीच. नायलॉन पाणी पितं आणि ठोकर लागली की तडकण्याऐवजी वाकतं.

तामियाने हॉर्नेट 2004 मध्ये, ग्रासहॉपर 2005 मध्ये आणि सँड स्कॉर्चर 2010 मध्ये पुन्हा बाजारात आणली. नवे भाग लावले की गाडी ‘अस्सल’ राहत नाही, असं कपाटात बग्ग्या मांडणारे म्हणतात. त्यांनी खुशाल मांडाव्यात. जिला पळायचं आहे तिला नवे हात घालावेत, आणि जुने डबीत जपून ठेवावेत.