धामच्या वळणावरचे पवनार

जानेवारीत धाम नदीचे पाणी खाली जाते आणि पवनारजवळ पात्रातला काळा खडक उघडा पडतो. शिवारात कापसाची वेचणी चालू असते, तूर सोंगणीला आलेली असते, सकाळी अंगावर शाल लागते. नदी काठाकाठाने पायी पाहायची तर हेच दिवस.

धाम येते ती वर्धा जिल्ह्याच्या वायव्येकडच्या डोंगरांतून. तिथे साग, तेंदू, मोह आणि पळसाचे जंगल आहे. शेजारच्या बोरला 1970 मध्ये अभयारण्याचा आणि 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जेमतेम 138 चौरस किलोमीटरचे हे रान देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत मोडते. पण वाघाइतकीच या रानाची ओळख गवळाऊ गाईची. पांढरी, हलक्या बांध्याची, चालायला चपळ. मराठ्यांच्या फौजेचे सामान डोंगराळ मुलखातून झपाट्याने नेण्यासाठी ही जात जोपासली गेली, असे सांगतात. आर्वी-कारंजा भागातल्या नंदगवळ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. रानात चरणारा कळप हा त्यांच्या इतिहासाचा जिवंत पुरावा आहे आणि चराई आटत गेली तर तो टिकणार नाही.

महाकाळीच्या धरणात अडून धाम खाली उतरते. वर्धा शहराची तहान हेच पाणी भागवते. पुढे, शहरापासून आठेक किलोमीटरवर, नदी पवनारला वळसा घालते.

इथली पांढरी फार जुनी. गाव ज्या टेकाडावर बसले आहे, त्याच्या पोटात वाकाटक राजांच्याही आधीपासूनच्या वस्तीचे थर आहेत. 1967 मध्ये नागपूर विद्यापीठाने इथे उत्खनन केले. त्याआधीच वा. वि. मिराशी यांनी वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मांडले होते. हा राजा गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताचा नातू, प्रभावतीगुप्तेचा मुलगा. प्रवरपूर नागपूरजवळच्या मनसरला होते, असे काही अभ्यासक नंतर म्हणू लागले आणि तो वाद मिटलेला नाही. जुन्या वस्तीवर आजचे गाव नांदते आहे, त्यामुळे मोकळेपणाने खणायला जागाही फारशी नाही. अकबराच्या काळी पवनार हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार होते. ‘आईन-इ-अकबरी’त इथल्या गडाची नोंद आहे: उंचवट्यावरचा, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला. राजे बदलले, तरी नदीचे हे वळण प्रत्येकाला हवेसे वाटले.

7 मार्च 1938 रोजी विनोबा भावे इथे आले, तेव्हा त्यांची तब्येत पार ढासळलेली होती. जमनालाल बजाज यांचा नदीकाठचा बंगला त्यांना राहायला मिळाला. प्रकृती सुधारावी म्हणून विनोबा शेतात खणू लागले आणि कुदळीखाली कोरीव शिळा लागल्या. त्यांतल्या एका शिळेवर भरत-रामाची भेट त्यांनी ओळखली. योगायोग विलक्षण, कारण 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना त्यांनी नेमक्या याच भेटीच्या चित्राबद्दल सांगितले होते, आणि ती प्रवचने साने गुरुजींनी उतरवून घेतली होती. ती शिळा विनोबांच्या इथल्या आश्रमातल्या मंदिरात पूजेला बसली. त्या शिल्पांतले प्रसंग रामायणातलेच का, यावर विद्वानांत मतभेद आहेत. तरीही वाकाटक काळातली एवढी शिल्पे शेतकऱ्यासारख्या कष्टातून उजेडात यावीत, हे मोलाचे आहे.

1951 च्या मार्चमध्ये विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले, एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदान चळवळीची सुरुवात झाली. सप्टेंबरात ते पवनारहून पुन्हा निघाले, या वेळी दिल्लीकडे. देशभर चालून ते धामकाठी परतले 1964 मध्ये. दरम्यान 1959 मध्ये त्यांनी इथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर उभे केले. तिथल्या बहिणी स्वतः शेती, स्वयंपाक, सफाई करत आणि निर्णय एकमताने घेत. त्या काळात स्त्रियांच्या हाती अशी स्वायत्तता देणारी आध्यात्मिक संस्था दुर्मीळच.

गांधीजींच्या अस्थींचा काही भाग 12 फेब्रुवारी 1948 रोजी धामच्या याच पात्रात विसर्जित झाला. तेव्हापासून थंडी ओसरता ओसरता, 12 फेब्रुवारीला पवनारला सर्वोदय मेळा भरतो. विनोबांच्या सांगण्यावरून लोक सूतांजली वाहू लागले: स्वतःच्या हाताने कातलेली 640 तारांची एक गुंडी.