वरातीतले लंडन : दूरच्या राजधान्यांच्या गाण्यांविषयी

लग्नसराईत नवापूरपासून शहाद्यापर्यंतच्या रस्त्यांवर वराती निघतात. पुढे गाडीवर कीबोर्ड, पॅड आणि भोंगे, मागे नाचणारी मंडळी. आधी टिमलीचा नाच होतो, मग अहिराणी गाणी येतात, अधूनमधून मराठी आणि हिंदी. या हिंदी गाण्यांत ‘लंडन ठुमकदा’ असतेच. 2014च्या ‘क्वीन’ चित्रपटातले हे गाणे अमित त्रिवेदींनी संगीतबद्ध केले आहे. ते पंजाबी वळणाचे असून चित्रपटात दिल्लीतल्या एका घरच्या लग्नात वाजते. चित्रपटाची कथा पुढे पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅमला जाते, लंडनला जात नाही. तरी सगळ्यांच्या ओठांवर राहिले ते लंडन. नंदुरबारच्या वरातीत त्या गाण्यावर नाचणाऱ्यांत सुरतेला कामाला जाणारे असतात, बारडोलीला ऊसतोडीला जाणारे असतात, आश्रमशाळेतली मुले असतात. लंडनला जाऊन आलेले क्वचितच कोणी सापडेल. मग हे लंडन त्यांच्यासाठी काय आहे?

या प्रश्नापासून सुरू होणाऱ्या अभ्यासात मी तुमचे स्वागत करतो. लोकप्रिय गाण्यांत येणारी युरोपच्या राजधान्यांची नावे हा विषय प्रथम ऐकणाऱ्याला हलका वाटतो. लोकगीतांच्या अभ्यासात स्थळनामाकडे आपण बहुधा सजावट म्हणून पाहतो, किंवा गाण्याचा काळ ठरवण्यापुरता त्याचा उपयोग करतो. मला ते पुरेसे वाटत नाही. माझे म्हणणे असे की अशा गाण्याचा अभ्यास ज्या शहराचे नाव त्यात आहे तिथून करू नये, ते जिथे गायले आणि ऐकले जाते तिथून करावा. ‘लंडन ठुमकदा’चा अभ्यास लंडनमध्ये बसून होईल, पण तो लंडनच्या प्रतिमेचा अभ्यास होईल. तळोद्यात बसून केला तर तो तळोद्याच्या इच्छांचा, अंतरांचा आणि सत्तेशी असलेल्या नात्याचा अभ्यास होईल. आपल्याला दुसरा हवा आहे.

आधी मात्रांकडे पाहू, कारण गाण्याच्या अभ्यासाची ती पहिली पायरी आहे आणि ती वगळून थेट अर्थाकडे धावणारे विद्यार्थी पुढे अडतात. लंडन हा शब्द चार मात्रांचा : एक गुरू, दोन लघू. पॅरिसही चार, बर्लिनही चार. मॉस्कोत दोन गुरू, म्हणजे पुन्हा चारच. आठ मात्रांच्या केरव्यात ही नावे अर्ध्या आवर्तनात नेमकी बसतात, ओढाताण करावी लागत नाही. त्यामुळे गीतकाराला ती सोयीची आहेत हे खरे. पण माद्रिद आणि लिस्बन यांच्याही मात्रा चारच भरतात, आणि हिंदी-मराठी गाण्यांत त्यांना तो मान कधीच नव्हता. म्हणजे चाल नावाला दार उघडून देते, आत कोण येणार हे मात्र इतिहास ठरवतो. लंडन राज्यकर्त्यांमुळे आले, बर्लिन आणि मॉस्को महायुद्ध आणि लाल बावट्यामुळे, पॅरिस सिनेमामुळे. लिस्बन शोधायचे तर गोव्यात जावे लागेल, कारण 1961च्या डिसेंबरापर्यंत तिथला राज्यकर्ता लिस्बनमध्ये होता. मांडो, दुलपदे आणि तियात्रातली कांतारां ऐकण्याची ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठी ते काम मोकळे आहे.

या सर्वांत मला सर्वांत समृद्ध वाटतो तो शाहिरीचा थर, आणि त्यात अण्णाभाऊ साठे. जुन्या पोवाड्याचा भूगोल आपल्याला ठाऊक आहे : प्रतापगड, सिंहगड, पानिपत, दिल्ली. ऑकवर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 साली इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे आणि स्त्रियांचे पोवाडे छापून काढले. त्यांत शाहीर ऐकणाऱ्याला गावामागून गाव ओलांडत रणापर्यंत घेऊन जातो. स्थळांची नावे तिथे वाटेच्या खुणा असतात. एकही चुकली तर मावळातला श्रोता शाहिराला अडवणार, कारण त्या वाटा त्याने पायी तुडवलेल्या असतात. अण्णाभाऊंनी हेच साधन हाती घेतले आणि श्रोत्याने कधीच न पाहिलेल्या शहरांसाठी वापरले. फेब्रुवारी 1943मध्ये स्तालिनग्रादची लढाई संपली, आणि त्याच सुमारास त्यांचा स्तालिनग्रादचा पोवाडा गिरणगावात दुमदुमू लागला. पुढे बर्लिनचा पोवाडा आला. ‘नानकिन नगरापुढे’ हा चिनी क्रांतीवरचा पोवाडा आला. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा ही नावे चाळीचाळीतून, गावोगावच्या सभांतून फिरू लागली.

हे शाहिराने कसे साधले असेल, याचा विचार करा. श्रोता सातारा-सांगली-कोकणातून मुंबईला आलेला गिरणी कामगार. बर्लिन कुठल्या दिशेला आहे हे त्याला ठाऊक नाही. पण वेढा म्हणजे काय, किल्ला पडणे म्हणजे काय, हे त्याला जुन्या पोवाड्याने शिकवले आहे. शाहीर शहराचे वर्णन करण्यात वेळ घालवत नाही. तो वेढा सांगतो, भुकेची रात्र सांगतो, आणि नाव तालावर आणून ठेवतो. नावामागची जागा श्रोता आपल्या अनुभवातून भरतो. स्तालिनग्राद हा सात मात्रांचा, जोडाक्षरांनी अडखळवणारा शब्द. भावगीताने तो केव्हाच टाकून दिला असता. पोवाड्याची चाल सैल आणि डफाचा ठोका पक्का, म्हणून त्यात तो मावला.

आणि याच अण्णाभाऊंच्या पोवाड्यांच्या यादीत ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’ आहे. खानदेशातल्या वाचकाने इथे थांबावे. पोलिसांच्या गोळीबारात बळी पडलेले अमळनेरचे गिरणी कामगार आणि बर्लिनचे रण ही एकाच शाहिराची, एकाच डफाची रचना आहे. नंदुरबार आणि अमळनेर तापी खोऱ्यातल्या एकाच रेल्वेमार्गावरची स्टेशने. म्हणजे आपल्या रुळांवरचे गाव आणि युरोपातली राजधानी या दोन्ही जागांना शाहिराने एकाच उंचीवर बसवले. दूरच्या शहराचे नाव घेताना जवळच्या गावाला कमी न लेखणे, हे मला त्या काळच्या शाहिरीचे मोठेपण वाटते. स्वतः अण्णाभाऊ रशियाला गेले ते 1961 साली, स्तालिनग्रादच्या पोवाड्यानंतर अठरा वर्षांनी. ‘माझा रशियाचा प्रवास’ या पुस्तकात तो प्रवास आहे. सप्टेंबर 2022मध्ये मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला.

आंबेडकरी जलशांचे लंडन याहून वेगळे आहे. बाबासाहेब लंडनमध्ये शिकले, 1923 साली तिथूनच त्यांनी डी. एस्‌‌सी. मिळवली, आणि 1930 ते 1932 या काळातल्या तिन्ही गोलमेज परिषदांना ते हजर होते. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांचा माणूस राजाच्या शहरात टेबलाला बसून बोलतो आहे, ही बातमी जलशांनी वाड्यावस्त्यांवर पोहोचवली. तिथले लंडन मौजेचे नाही आणि रणाचेही नाही. ती दाद मागण्याची जागा आहे. भीमगीतांवर स्वतंत्र काम पुष्कळ झाले आहे, म्हणून त्याचा विस्तार इथे करत नाही. पण राजधानीचे नाव घेणाऱ्या गाण्यांचा विचार त्यांना वगळून केला तर तो अर्धा राहील.

सिनेमाचे पॅरिस मी थोडक्यात सांगतो. 1964च्या ‘संगम’नंतर नायक-नायिकांना युरोपात नेण्याची लाट आली, आणि 1967च्या शक्ती सामंतांच्या ‘अ‍ॅन इव्हनिंग इन पॅरिस’ने शहरालाच शीर्षक केले. शंकर-जयकिशन यांचे संगीत, मोहम्मद रफींचा आवाज. शीर्षकगीतात नायक वाटाड्या होऊन संध्याकाळचे पॅरिस दाखवतो. परकीय चलन मिळणे मुश्किल, पासपोर्ट मूठभरांकडे, अशा काळात तिकिटाच्या पैशांत हे शहर बघायला मिळत होते. शहराचे नाव गाण्याच्या मध्यभागी ठेवण्याची युक्ती मात्र जुनीच. 1949च्या ‘पतंगा’त आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी रंगूनहून डेहराडूनला टेलिफोन लावून दाखवला होता. ब्रह्मदेशाची तेव्हाची राजधानी युरोपात नाही हे मान्य, पण परदेशी गेलेल्या नवऱ्याच्या शहराचे नाव गाण्यात कसे वागते, हे त्या गाण्याइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

आता पुन्हा नंदुरबारकडे. धुळ्यापासून 1 जुलै 1998 रोजी वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा आहे, आणि 2011च्या जनगणनेनुसार इथल्या दर शंभरांतले सुमारे 69 लोक आदिवासी आहेत. नवापूरकडे मावची, अक्राणी-शहाद्याकडे पावरी, अक्कलकुवा-तळोद्यात देहवाली, गुजर वस्त्यांत गुजरी, नंदुरबारच्या सपाटीवर अहिराणी. 1942च्या 9 सप्टेंबरला बाल हुतात्मा शिरीषकुमार ज्या घोषणा देत गेला त्यांतली एक गुजराती होती. इथल्या गाण्याचा नकाशा म्हणूनच एका भाषेत मावत नाही. गायणे आणि रोडाली या आदिवासी गीतप्रकारांत राजा फांटा, तोरणमाळ, नर्मदा आणि सातपुड्याचे डोंगर येतात. ज्या शहरांशी पोटाची गाठ आहे ती म्हणजे सुरत आणि बारडोली. कोयता घेऊन खानदेशातली जोडपी दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जातात. त्यांच्या हलाखीवर 1970च्या दशकात नेदरलंड्सहून येऊन यान ब्रेमान यांनी मूलगामी संशोधन केले. युरोपातला एक संशोधक आपल्या कोयतेवाल्यांची नोंद ठेवत होता, तेव्हा आपली विद्यापीठे कुठे होती, हा प्रश्न मला अजून टोचतो.

यापुढचा दुवा नर्मदेचा. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे सापडली, त्यांत मणिबेली सर्वांत आधी. 1985 साली धरणाला जागतिक बँकेचे 45 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले, 1992 साली मोर्स समितीने प्रकल्पावर कठोर ठपका ठेवला, आणि 1993च्या मार्चमध्ये उरलेले कर्ज बंद झाले. दरम्यान 1991 साली नर्मदा बचाओ आंदोलनाचा गौरव स्टॉकहोमच्या ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्काराने झाला. मोठ्या धरणांचा जगभर आढावा घेणाऱ्या आयोगाचा अहवाल नोव्हेंबर 2000मध्ये लंडनमध्ये प्रकाशित झाला, नेल्सन मंडेलांच्या हस्ते. आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकर त्या आयोगाच्या सदस्य होत्या. चिमलखेडी आणि निमगव्हाणच्या, आंदोलनाने चालवलेल्या जीवनशाळांत याच काळात मुले आपल्या भाषेत गाणी म्हणत मोठी झाली. सिनेमातल्या पॅरिसपेक्षा स्टॉकहोम आणि लंडन या खोऱ्याच्या आयुष्याशी अधिक जवळून जोडलेली आहेत, म्हणून आंदोलनाची गाणी आणि घोषणा या अभ्यासाच्या कक्षेत आल्याच पाहिजेत. 1972 साली शहाद्यात उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेच्या गाण्यांनाही तोच न्याय. तिथे आदिवासी पुढारी अंबरसिंग महाराजांच्या भजनी परंपरेतून आलेले आणि मुंबई-पुण्याच्या डाव्या तरुणांनी आणलेले शब्द एकाच सभेत भेटले. वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी त्या सभांतून घडला.

कामाला लागताना काही पथ्ये पाळा. गाणे नोंदवताना ते कुठे, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या सांगण्यावरून वाजले ते त्याच दिवशी लिहा. हळदीतले आणि वरातीतले गाणे एकच असले तरी त्याचे काम वेगळे असते. बँडचा गायक मूळ नावाच्या जागी नवरदेवाचे किंवा गावाचे नाव घालतो, तो पाठभेद मोलाचा आहे. त्याला चूक समजून दुरुस्त करू नका. भिली बोलींतले काही स्वर देवनागरीत नीट उतरत नाहीत, म्हणून ध्वनिमुद्रण जपून ठेवा आणि लिप्यंतर बोलणाऱ्याकडून तपासून घ्या. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा भिली आणि खानदेशीचा खंड 1907चा आहे. तो वाचा, पण त्याच्यावर विसंबू नका. गायकाची परवानगी घ्या, त्याला चालत असेल तर त्याचे नाव पानावर द्या, आणि नोंदींची एक प्रत त्याच्या घरी ठेवा. मग त्याला विचारा : तुमच्या मते लंडन कसे असेल? उत्तर तोडू नका, शहाणे करू नका.

सुरुवात नवापूरच्या स्टेशनापासून करावी असे मी सुचवेन. तिथे फलाटाच्या एका टोकाला महाराष्ट्र आहे आणि दुसऱ्या टोकाला गुजरात. मावची, गुजराती, अहिराणी आणि हिंदी गाणी एकाच बाकावरच्या मोबाइलांवर ऐकू येतात. तिथून रेल्वेने नंदुरबार, दोंडाईचा आणि पुढे अमळनेरपर्यंत या, आणि प्रत्येक गावात दोन प्रश्न विचारा : तुमच्या गाण्यांत कोणती शहरे आहेत, आणि त्यांतल्या कोणत्या शहराकडून तुम्हाला काय हवे आहे?