तळेगावची काचभट्टी आणि चाकणचे कारखाने : रोजगारासाठी दिलेल्या दानाचा इतिहास

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास बहुधा १९५४ पासून, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सांगितला जातो, आणि कारखान्यांचाच इतिहास सांगायचा असेल तर ती सुरुवात योग्यही आहे. परंतु ज्यांच्या हाताला काम नाही त्यांना काम शिकविण्यासाठी समाजाने पैसा उभा करायचा, ही प्रथा या परिसरात त्याहून जुनी आहे. तिचा माग घेतला असता चाकणहून निघणारा रस्ता जिथे पोहोचतो त्या तळेगाव दाभाडे या मावळातील गावी यावे लागते.

तळेगावला दानाची परंपरा नवी नव्हती. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा येथे चालविली होती, आणि १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव मारले गेल्यावर ती पेशव्यांकडे, पुण्यास गेली. पेशवाई बुडाल्यानंतर कंपनी सरकारने हा खर्च एकाएकी बंद केला नाही, तर त्यातील काही भाग १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविला. आणि १८४९ मध्ये गोपाळ हरि देशमुख प्रभृती सुधारकांनी या निधीतून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्यावे अशी मागणी केली तेव्हा पुण्यात मोठे वादळ उठले. वाद रकमेचा नव्हता. दान घेणाऱ्याच्या जन्माकडे पाहायचे की त्याच्या हातून होणाऱ्या कामाकडे, हा होता. दान देण्याचे निकष बदलले की समाजातील प्रतिष्ठेची उतरंडही हलते, हे त्या वादाने प्रथम स्पष्ट केले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, स्वदेशी चळवळीच्या ऐन भरात, अंताजी दामोदर काळे यांनी याहून धाडसी कल्पना मांडली आणि तिला लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले. प्रत्येकाने वर्षाकाठी केवळ एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योगाची उभारणी व्हावी, अशी ती पैसाफंडाची योजना होती. त्या काळी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे, म्हणजे एका रुपयासाठी ६४ माणसे आणि हजार रुपयांसाठी ६४ हजार माणसे गाठावी लागत. हा हिशेब मांडला म्हणजे गावोगाव फिरून पैसा मागणाऱ्या कार्यकर्त्यांच्या श्रमांची कल्पना येते, आणि या निधीचा मालक कोण होता हेही उमगते. राजा, सरकार वा सावकार यांपैकी कोणीही एकटा त्याचा दाता नव्हता. शेतकरी, कारकून, दुकानदार आणि विद्यार्थी हे सगळेच सारख्या वाट्याचे दाते होते.

या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव येथे काचकारखाना सुरू झाला. जपान व अमेरिका येथे शिक्षण घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे त्याची तांत्रिक जबाबदारी होती. काचेचीच निवड का झाली, याचे उत्तर बाजारात होते: कंदिलाच्या चिमण्या, बाटल्या आणि बांगड्या घरोघर लागत, पण त्यांतील बराचसा माल परदेशांतून येई, आणि देशात काढलेले कारखाने कुशल कारागिरांअभावी बंद पडत. तेव्हा कारखाना काढण्याआधी कारागीर घडविणे, किंबहुना दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली करणे, हाच उपाय होता. तळेगावचा कारखाना म्हणूनच विद्यालयही होता, आणि माल बनत असतानाच तेथे विद्यार्थी शिकत.

ही विद्या पुस्तकातून येणारी नव्हती. भट्टीत, अग्निरोधक मातीच्या मोठ्या मुशीत, वाळू, सोडा आणि चुना यांचे मिश्रण चौदाशे-पंधराशे अंशांपर्यंत तापून मधासारखे दाट होते. कारागीर पोकळ लोखंडी फुंकनळीचे टोक त्यात बुडवून नेमका लागेल तेवढाच गोळा उचलतो, नळी सतत फिरवीत राहतो, कारण हात थांबला की गोळा एका अंगाला ओघळतो, आणि श्वासाच्या अंदाजाने त्यात हवा भरून साच्यात त्याला आकार देतो. आकार आला म्हणजे काम संपले असेही नाही, कारण वस्तू उघड्यावर झपाट्याने थंड झाली तर आतल्या ताणाने तडकते, म्हणून ती वेगळ्या भट्टीत सावकाश निववावी लागते. पहिल्या दिवसांत उमेदवाराच्या हातून जे फुटे ते कोणाच्या तरी खर्चातूनच फुटे. नफ्यावर चालणारा कारखानदार असा खर्च फार दिवस सोसत नाही. पैसाफंडाने तो सोसला, आणि या संस्थेचे खरे महत्त्व याच ठिकाणी आहे.

काळ अनुकूल नव्हता. कारखाना निघाला त्याच वर्षी टिळकांना मंडालेची शिक्षा झाली, आणि तळेगावातच विष्णु गोविंद विजापूरकर यांनी काढलेले समर्थ विद्यालय हे राष्ट्रीय शिक्षणाचे केंद्र सरकारने १९१० मध्ये बंद पाडले. पुणे परिसराच्या काळ्या पाषाणात दगडी कोळसा नाही, तेव्हा भट्टीचे इंधन रेल्वेने दुरून आणावे लागे. तरीही कारखाना टिकला, आणि पहिल्या महायुद्धात युरोपचा माल येईनासा झाला तेव्हा देशी काच बनविणाऱ्या हातांची किंमत सर्वांना कळली. येथे शिकलेली माणसे अन्यत्र जाऊन काचधंद्यात पडली, याला काही जण निधीची गळती म्हणतील, परंतु एका गावात गोळा झालेल्या पैशाने दुसऱ्या गावी चूल पेटावी, हाच अशा निधीचा उचित उपयोग होय.

स्वातंत्र्यानंतरचे चित्र निराळे आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे लोकांच्या बोलीत एमआयडीसी, स्थापन झाले. भोसरी, आकुर्डी, चिखली येथील शेतजमिनी कारखान्यांखाली गेल्या, आणि १९६६ मध्ये टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पुणे प्रकल्प आला. काम शिकविण्याची जबाबदारी आता सरकारी आयटीआयवर आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यांवर आली. या व्यवस्थेने हजारो घरे उभी केली हे निर्विवाद आहे, पण तिच्या दाराशी शालेय शिक्षणाची अट होती आणि आत बहुतांशी पुरुषच होते. जमीन गेलेल्या कुटुंबातील स्त्री, मराठवाड्यातून दुष्काळामुळे आलेला आणि झोपडपट्टीत वसलेला मजूर, शाळा सुटलेले मूल, हे सारे दाराबाहेर राहिले, आणि स्वयंसेवी संस्थांची गरज तेथूनच निर्माण झाली.

यांतील एक प्रयोग सत्तरच्या दशकातला. टेल्कोच्या कामगारांच्या घरांतील स्त्रियांसाठी उभी राहिलेली गृहिणी सोशल वेल्फेअर सोसायटी शिवणकाम आणि खाद्यपदार्थ यांपासून पुढे मोटारीतील विजेच्या तारांच्या जुडग्यांपर्यंत, म्हणजे कारखान्यालाच लागणाऱ्या मालापर्यंत, पोहोचली. पापड विकायचा तर गिऱ्हाईक शोधावे लागते. तारांच्या जुडग्याला गिऱ्हाईक आधीच ठरलेले असते. तळेगावच्या विद्यालयाप्रमाणे येथेही शिकणे आणि विकण्याजोगा माल बनविणे वेगळे काढता येत नव्हते. पिंपरी-चिंचवड महापालिका बचत गटांना देत असलेले अर्थसाहाय्य आणि त्यांच्या मालासाठी भरणारी पवनाथडी जत्रा यांचा हेतूही असाच आहे, मात्र जत्रा संपल्यावर वर्षभराच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न गटांपुढे उभा राहतोच.

कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणमध्ये १९९९ मध्ये बजाज ऑटोचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि पट्टा उत्तरेकडे पसरला. पुढे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ ने दानाला कायद्याचे रूप दिले: ५०० कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे. हाच सीएसआर निधी होय, आणि रोजगारक्षम कौशल्यांचे शिक्षण हा त्याचा मान्य विषय आहे. त्यामुळे रुग्णसहायक, शिवणकाम, दुचाकी दुरुस्ती, संगणकनियंत्रित यंत्र चालविणे असे वर्ग वस्त्यांमधून निघाले, आणि एरवी वर्गणीवर कसेबसे चालणाऱ्या संस्थांना प्रथमच प्रशिक्षकाचे वेतन वेळेवर देता येऊ लागले. ही मोठी गोष्ट आहे आणि ती कमी लेखू नये.

तरीही निधीच्या स्वरूपातील फरक ठळक आहे. वर्षअखेर हिशेब द्यावयाचा असल्याने वर्ग तीन महिन्यांचे होतात आणि यश प्रमाणपत्रांच्या संख्येने मोजले जाते. प्रमाणपत्र घेतलेला तरुण पुष्कळदा ठेकेदाराच्या यादीत, ठरावीक महिन्यांच्या बोलीवर जातो आणि मुदत संपताच नव्याने काम शोधू लागतो. त्याच्या हातून काही फुटण्याचा खर्च सोसणारे कोणी राहत नाही. २०२१ च्या नियमांनी चालू प्रकल्पाला आरंभाच्या आर्थिक वर्षाखेरीज तीन वर्षांपर्यंतची मुदत दिली, त्याने संस्थांना थोडी उसंत मिळाली.

ही उसंत कोठे अपुरी पडते, हे चिंचवडगावातच दिसते. चापेकर बंधूंच्या स्मृतीसाठी काम करणाऱ्या क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीने २००६ मध्ये तेथे पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् सुरू केले. भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी यमगरवाडीत केलेल्या कामामुळे परिचित असलेले आणि पुढे पद्मश्रीने गौरविले गेलेले गिरीश प्रभुणे हे त्याचे प्रवर्तक. १८७१ पासूनच्या कायद्यांनी जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या आणि १९५२ मध्ये त्या शिक्क्यातून मुक्त झालेल्या पारधी व इतर भटक्या-विमुक्त जमातींची मुले येथे शालेय विषयांबरोबर परंपरागत हस्तकौशल्येही शिकतात. ज्या घरातील मोठ्यांना नाव सांगताच काम नाकारले गेले, त्या घरचे मूल पहिलीत आले तर दहावी होईपर्यंत दहा वर्षे जातात, आणि मंजूर झालेला एखादा प्रकल्प तेवढ्या काळात किमान दोनदा संपतो; मधल्या वर्षांचा किराणा, वह्या आणि शिक्षकांचे वेतन कोणत्याही प्रकल्प-अहवालात बसत नाही, ते पुन्हा दारोदार मागूनच आणावे लागते.