प्रकाश हेंहि औषधच



नवजात अर्भकाला कावीळ झाली म्हणजे रुग्णालयांत त्याला निळ्या दिव्यांखालीं निजवितात. सुई नाहीं, कडू घोट नाहीं. तेव्हां हा उपचार सर्वथा निरुपद्रवी असलाच पाहिजे, असें घरच्या माणसांस वाटतें. या उपचाराचा इतिहास मात्र कांहीं निराळें सांगतो.

१९५६ च्या उन्हाळ्यांतील गोष्ट. इंग्लंडमध्यें एसेक्स परगण्यांतील रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलांत अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा विभाग सिस्टर जीन वॉर्ड यांच्याकडे होता. हवा चांगली असली कीं त्या मुलांना बाहेर उन्हांत नेत. एकदां डॉक्टरांच्या फेरीच्या वेळीं त्यांनीं एक मूल दाखविलें. त्याच्या अंगाचा पिवळेपणा ओसरला होता. चादरीच्या टोकाखालीं झांकलेला भाग तेवढा पिवळाच राहिला होता. पुढें उन्हांत राहिलेल्या रक्ताच्या एका नळींतहि बिलिरुबिन, म्हणजे काविळीचें पिवळें द्रव्य, अनपेक्षितपणें कमी भरलें. या धाग्यावरून डॉ. रिचर्ड क्रेमर व त्यांचे सहकारी यांनीं कृत्रिम दिव्यांचे प्रयोग केले आणि १९५८ सालीं ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले.

या शोधाचें मोल मोठें आहे. हें द्रव्य फार वाढलें तर मेंदूंत शिरून कायमची इजा करतें, आणि तोंपर्यंत त्यावर मुख्य उपाय म्हणजे बाळाचें रक्तच बदलणें हा होता. निळा प्रकाश त्या द्रव्याच्या रेणूची रचना पालटतो. मग तें पित्तावाटे व लघवीवाटे सहज बाहेर पडतें. १९६८ सालीं अमेरिकेंत व्हरमाँटच्या डॉ. जेरोल्ड ल्यूसी यांनीं तुलनात्मक प्रयोगानें याची उपयुक्तता दाखविली, आणि दिवे सर्वत्र पसरले.

प्रसाराबरोबर उपद्रवहि ध्यानीं आले. शौचास पातळ होतें, त्वचेंतून पाणी अधिक उडून जातें, अंगावर पुरळ उठतें, अंग तापतें अथवा गार पडतें. डोळ्यांच्या नाजूक पडद्याला इजा पोंचूं नये म्हणून पट्टी बांधावी लागते. पित्ताचा निचरा नीट न होणाऱ्या एका बालकाची कांति दिव्याखालीं कांशासारखी करडी-तपकिरी झाल्याचें १९७२ सालीं नमूद झालें. उपचार थांबल्यावर हा रंग हळूहळू जातो. शिवाय आईच्या कुशीपासून ताटातूट होते, ती निराळीच.

२००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका मोठ्या चांचणीनें अधिक विचार करावयास लाविलें. एक हजार ग्रॅम अथवा त्याहून कमी वजनाच्या बालकांवर दिव्याचा सढळ वापर केला असतां मेंदूच्या वाढींतील व्यंगें कमी आढळलीं. परंतु ७५० ग्रॅमपर्यंतच्या बालकांत मृत्यूचें प्रमाण ३९ टक्के भरलें, बेतानें वापर केलेल्यांत तें ३४ टक्के होतें. हा फरक केवळ योगायोगाचाहि असूं शकेल. पण अगदीं चिमुकल्या जिवांविषयीं सावधगिरी बाळगावी, एवढें त्यावरून निश्चित ठरतें.

आपल्याकडे तान्ह्या मुलाला कोवळ्या उन्हांत धरण्याची चाल आहे. परंतु उन्हाची मात्रा मोजतां येत नाहीं आणि उघडें अंग भाजण्याचें वा गारठण्याचें भय असतें. म्हणून वाढलेल्या काविळीवर तो दिव्याला पर्याय नव्हे.

सारांश, उपद्रवांच्या भयानें दिवा नाकारणें म्हणजे मेंदूची इजा ओढवून घेणें होय. आणि तो निव्वळ उजेड समजून गरजेपलीकडे लावून ठेवणें हेंहि अयोग्य. रक्त तपासून तो लावावा, दूध वेळेवर पाजावें, डोळे झांकावे, आणि द्रव्य उतरतांच तो बंद करावा. औषधाला मात्रा असते. प्रकाशालाहि ती आहे.