टळलेल्या संकटाचा इतिहास

जें संकट कोसळतें त्याचा इतिहास लिहिला जातो. जें टळतें त्याची आठवण राहिलीच, तर ती बहुधा चेष्टेच्या रूपानें राहते. इसवी सन १९९९ च्या अखेरीस ज्या भयानें सर्व सुधारलेल्या जगाला ग्रासलें होतें, त्या संगणकांतील तारखेच्या दोषाची गत अशीच झाली. ‘वाय-टू-के’ हें त्याचें नांव आज कोणी काढलें, तर ऐकणारा हंसतो आणि ‘तें एक मोठें थोतांड होतें’ असें म्हणून मोकळा होतो. पाव शतक लोटल्यानंतर हा निकाल पुन्हा तपासून पाहणें इष्ट आहे. पुणेकरांस तर तें अधिकच अगत्याचें आहे, कारण त्यांच्या शहराची आजची सुबत्ता कांहीं अंशीं या दोषाच्या दुरुस्तींतूनच आली.

प्रथम दोष काय होता तें पाहूं. आरंभीच्या संगणकांना माहिती पुरविली जाई ती ऐंशी रकान्यांच्या, भोंकें पाडलेल्या पत्त्यांवरून. पत्त्यावर जागा थोडी आणि यंत्राची स्मृति महाग. म्हणून वर्षाचे चार आंकडे लिहिण्याऐवजीं शेवटचे दोनच लिहिण्याची वहिवाट पडली. आपणहि पत्रावर तारीख घालतांना असेंच करतों. परंतु आपणांस शतक कळतें, यंत्रास तें कळत नाहीं. १९३५ सालीं जन्मलेल्या माणसाचें वय १९९९ त काढावयाचें, तर ९९ मधून ३५ वजा जाऊन ६४ हें उत्तर येई. दुसऱ्याच वर्षीं शून्यांतून ३५ वजा होऊन उत्तर उणें ३५ यावयाचें! निवृत्तिवेतन, कर्जावरील व्याज, विम्याचे हप्ते हा सारा हिशेब अशा वजाबाकीवर उभा होता. त्यांत आणखी २००० हें लीप वर्ष आणि १९०० तसें नव्हे. तेव्हां ‘००’ म्हणजे १९०० असें समजणाऱ्या यंत्राला २९ फेब्रुवारी हा दिवसच ठाऊक नसावयाचा. बॉब बेमर या अमेरिकन तज्ज्ञानें १९७१ मध्येंच याविषयीं छापील इशारा दिला होता. पण आपण लिहिलेल्या आज्ञावल्या तीस वर्षें चालतील असें त्या लिहिणारांनाच वाटत नव्हतें. मग इतरांनीं लक्ष कशास द्यावें?

लोकमत जागें झालें तें सप्टेंबर १९९३ नंतर. त्या महिन्यांत पीटर डी यागर यानें अमेरिकेंतील ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’ या पत्रांत या दोषावर लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यांत प्रलयदिनाचा उल्लेख केला. पुढें तो शब्दच लेखापेक्षां अधिक फैलावला. विमानें पडतील, वीज जाईल, बँका बुडतील, अशीं भाकितें सुरू झालीं. अमेरिकेंत कित्येक कुटुंबांनीं डबाबंद अन्न आणि विजेचीं जनित्रें घरांत भरून ठेवलीं. दुरुस्तीचा जगभरचा खर्च ३०० ते ६०० अब्ज डॉलर होईल असा अंदाज गार्टनर या सल्लागार संस्थेनें वर्तविला. अंदाजाचें एक टोंक दुसऱ्याच्या दुप्पट असावें, यावरूनच त्या काळच्या ज्ञानाची आणि आवेशाची कल्पना येते.

भयाच्या बाबतींत पुणें शहर तोंपर्यंत अनुभवी झालेलें होतें. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें धरण फुटलें. आदल्या रात्रीं लष्कराच्या जवानांनीं वाळूचीं पोतीं रचून तें उजाडेपर्यंत थोपवून धरलें होतें, म्हणूनच लोंढा रात्रीं न येतां दिवसा आला आणि असंख्य प्राण वांचले. परंतु शहर सावध नव्हतें. संकट खरें आणि भय अपुरें, असा तो प्रसंग. त्यानंतर सातच महिन्यांनीं, ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या दिवसांत, मकर राशींत अष्टग्रही झाली. जगबुडीच्या भयानें देशभर यज्ञ, जप आणि होम झाले, आणि कांहींएक न घडतां ते दिवस निघून गेले. भय मोठें आणि संकट मुळींच नाहीं, असा हा दुसरा प्रसंग. १९९९ चें भय या दोहोंपैकीं कोणत्या जातीचें? लोकांनीं तें अष्टग्रहीच्या जातीचें ठरविलें. आमच्या मतें तें दोहोंतहि बसत नाहीं. तें तिसऱ्या जातीचें होतें: संकट खरें, भय अतिशयोक्त, आणि मध्यें पुष्कळ माणसांचे मुकाट श्रम.

या श्रमांचा मोठा वांटा हिंदुस्थानच्या पदरीं आला. जुन्या आज्ञावल्या कोबोल या भाषेंत होत्या. त्यांची ओळ न् ओळ तपासून तारीख शोधणें हें काम कंटाळवाणें. पश्चिमेकडील तरुण पिढीला तें नकोसें होतें. इकडे इंग्रजी जाणणारे अभियंते पुष्कळ, वेतन कमी, आणि अमेरिकेंत रात्र झाली म्हणजे येथें दिवस. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीनें तर दुरुस्तीचें काम कारखान्याच्या धर्तीवर बसविलें आणि त्यासाठीं स्वयंचलित साधनें तयार केलीं. याच कंपनीनें १९८१ मध्यें पुण्यांत स्थापिलेलें संशोधन केंद्र हडपसरच्या औद्योगिक वसाहतींत दीर्घकाळ होतें. तेथून पूर्वेस थोड्याच अंतरावर मुळा-मुठेच्या कांठीं मांजरी हें गांव आहे. तें तेव्हां ऊंसमळ्यांचें आणि फळबागांचें खेडें होतें.

ज्या रात्रीची एवढी धास्ती होती, त्या रात्रीं हिंदी लोकांचें लक्ष मात्र दुसरीकडे होतें. २४ डिसेंबरला पळविलेल्या विमानांतील उतारूंची सुटका कंदाहार येथें नेमकी ३१ डिसेंबरलाच झाली. मध्यरात्र उलटली, दिवे तेवत राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून लोकमतानें कूस बदलली. काल जे ‘सर्वनाश’ म्हणत होते, तेच आज ‘फसवणूक’ म्हणूं लागले.

त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. इटली व दक्षिण कोरिया या देशांनीं तुलनेनें थोडा खर्च केला, आणि त्यांचेंहि फारसें अडलें नाहीं. यावरून बराच पैसा घाबरून उधळला गेला असें म्हणणें भाग आहे. परंतु जेथें तपासणी राहून गेली, तेथें काय झालें तेंहि पाहिलें पाहिजे. इंग्लंडांत शेफील्ड येथें गर्भवती स्त्रियांचें वय संगणकानें चुकीचें धरल्यामुळें दीडशेंहून अधिक जणींना रक्ततपासणीचे खोटे निष्कर्ष कळविले गेले, आणि ही चूक कित्येक महिने ध्यानांत आली नाहीं. तीं कुटुंबें या प्रकाराला थोतांड म्हणणार नाहींत. दोष असाच यावयाचा होता. आकाशांतून विमान पडून नव्हे, तर हिशेबाच्या वहींत कोणाच्याहि नकळत शिरून.

मांजरीस १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. द्राक्षबागाइतदाराला जें पटवून द्यावें लागत नाहीं, तेंच सुशिक्षितांच्या लोकमताला पटणें कठीण जातें. केवडा पानावर दिसण्यापूर्वींच तो मोरचूद व चुन्याचें बोर्डो मिश्रण फवारतो. रोग आला नाहीं म्हणून फवारणी फुकट गेली, असें तो म्हणत नाहीं. न फवारलेली शेजारची बाग एखादे वर्षीं तगली, तर भोंवतालच्या बागा निरोगी राहिल्याचाहि तो परिणाम असूं शकतो, हें तो जाणतो. दुरुस्त केलेल्या आज्ञावल्याहि अशाच साऱ्या जगांत विकल्या गेल्या. त्यांचा लाभ कंजूष देशांनाहि मिळाला.

दुरुस्तीचें काम २००० सालीं संपलें, पण त्यांतून मिळालेली पत टिकली, आणि नवीं कामें येत राहिलीं. हडपसरच्या मगर शेतकऱ्यांनीं सुमारें ४०० एकर जमीन एकत्र करून त्याच सुमारास मगरपट्टा नगर वसविण्यास आरंभ केला. नदीपलीकडे खराडींत संगणक कंपन्यांच्या इमारती उठल्या. आणि २०२१ मध्यें मांजरी बुद्रुकहि पुणें महानगरपालिकेंत सामील झालें. ज्याला लोक थोतांड म्हणतात, त्याच्या मजुरीवर पुण्यांतील किती घरांचे पाये भरले गेले, याचा विचार त्या घरांतील माणसांनीं तरी करावा.

अशी कसोटीची वेळ पुन्हां येणार आहे. पुष्कळ जुनीं यंत्रें १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून काळ ठरवितात, आणि त्यांतील कित्येकांची मोजणी २,१४,७४,८३,६४७ या आंकड्यापलीकडे जात नाहीं. आपल्या घड्याळाप्रमाणें १९ जानेवारी २०३८ रोजीं सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंदांनीं तो आंकडा भरेल. दुरुस्ती आतांच चालू आहे. ती नीट झाली, तर त्या सकाळीं कांहींहि घडणार नाहीं आणि दुपारीं लोक पुन्हां हंसतील. त्यांनीं खुशाल हंसावें. मात्र आपलें काम चोख करणाऱ्यांना त्यांनीं ठक म्हणूं नये, एवढेंच इतिहासाचें मागणें आहे.